मुंडी खाली!

"मुंडी खाली!" असं ओरडून शेजाऱ्याचं डोकं मातीत दाबणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमच्या रहिमतपुरात पलटणीतले एक हवालदार होते. लढाईहून परतले ते मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊनच. गावात फटाका वाजला तरी त्यांचा पंजा जवळच्याच्या मानगुटीवर पडायचा. एका शेटजींची टोपी त्यांनी दोनदा शेणात घातली. वर ऐकवायचे, "जित्ता ऱ्हायलास न्हवं?"

मी तेव्हा जत्रेतल्या तंबू सिनेमाच्या दारावर तिकिटं फाडायचो. पडदा तंबूच्या मधोमध. पुढून पुरुष बघायचे, मागून बायका. त्या वर्षी लढाईचा परदेशी बोलपट आला. हवालदार रोज हजर. तोफ धडाडली की त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्यांच्या मुंड्या खाली! लोक हसायचे. हवालदार मात्र संगीन खुपसलेली दिसली की करकरा दात खायचे.

बायकांच्या बाजूला आमच्या आळीतली एक म्हातारी यायची. तिचा एकुलता एक लेक हवालदारांच्याच पलटणीत होता. सरकारनं तो बेपत्ता असल्याचं कळवलं होतं. हवालदारांना विचारलं की ते म्हणत, "मला ठावं न्हाई, काकी."

लेक डावखुरा. एका खेळाला म्हातारी किंचाळली, "त्यो बगा! डाव्या हातानं बंदूक चालवतोय. माजाच त्यो!" धुरात तोंड कुणाचंच दिसत नव्हतं. तो शिपाई टेकडीपल्याड पळाला, आणि म्हातारीनं भावाला निरोप धाडला, "लेक जित्ता हाय. तुजी पोरगी त्याच्यासाटी ठेव, दुसरीकडं देऊ नगंस."

हे कानावर आलं तसा हवालदारांचा चेहरा काळवंडला. दुसऱ्या दिवशी ऐन खेळात ते बायकांच्यात घुसले आणि म्हातारीला दंडाला धरून पुरुषांच्या बाजूला घेऊन आले. मी आडवा गेलो, तर मला कोपर हाणून लोळवलं.

"आता बगा. कंच्या हातात हाय बंदूक?"

म्हातारी बघत राहिली. "उजव्या," ती कशीबशी म्हणाली.

"मागनं समदं उलटं दिसतं, काकी. त्यो तुमचा न्हवं. तुमच्याला म्या शिकवला. वेतानं बोटं फोडून उजवा केला. खंदकात दुश्मन अंगावर आला, तवा त्यानं बंदूक डाव्या खांद्याला लावली. म्या वरडलो, 'उजव्या!' त्यानं ऐकलं, काकी. हात बदलूस्तवर संगीन पोटात गेली. ह्याच हातांनी त्याची आतडी आत दाबत हुतो. माघारीचा हुकूम आला, त्याला तितंच सोडून यावं लागलं."

म्हातारीनं पायातली वहाण काढली आणि त्यांना मारत सुटली. कपाळ फुटलं, मिशीतून रक्त गळायला लागलं. कुणी सोडवलं नाही. पडद्यावर तोफा धडाडत होत्या, आणि हवालदार मुंडी खाली घालून मार खात होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि कीवही येत होती.

प्रेत हाती लागलं नाही की आमच्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. म्हातारीनं हवालदारांच्या घरी निरोप पाठवला, "आग त्यानंच लावायची."

हवालदारांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात नदीकाठी, मिशी उतरवलेले. त्यांनी एक काडी मोडून बंदुकीसारखी पुतळ्याच्या उजव्या हातात खोचली. मग ती काढून डाव्या हातात दिली.

"घे, गड्या," म्हणाले, आणि पेटवलं.