फळीवर ठेवलं की हरवतं

हल्ली थंडी सुरू झाली की आमच्या गावात बाहेरगावचे ग्रंथपाल शिकायला येतात. त्यांना शिकवते माझी वहिनी. कोणी शाळेतून येतं, कोणी इस्पितळातून, कोणी तुरुंगातून, म्हणजे तुरुंगाच्या वाचनालयातून. हा विनोद वहिनी दर वर्षी करते आणि दर वर्षी आधी स्वतःच हसते. पहिल्या सकाळी ती कोणालाही वही काढू देत नाही. हातात फडकं देते आणि फळ्या पुसायला लावते. पदव्या घेऊन आलेली माणसं नाकं मुरडतात. तिला त्याचं काही वाटत नाही, कारण शेजारची फळी ती स्वतः पुसत असते. तिच्या हाताखालून गेलेल्यांपैकी एक जण आता जुन्या बसमध्ये वाचनालय चालवतो. एकीचं तर होडीत आहे.

हे सगळं चालतं ते वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या मुलांच्या खोलीत. ती खोली एकदा हातून जाणारच होती. ती कशी राहिली हे वहिनी धड सांगत नाही, मधलंच काहीतरी सांगून पाणी प्यायला उठते. म्हणून मी सांगतो.

आमच्या गावाच्या उशाला चुन्याच्या भट्ट्या आहेत. दारं लावून घेतली तरी पांढरी भुकटी घरात येते, ताटात पडते, पापण्यांवर बसते. इथली माणसं लवकर म्हातारी दिसतात ती निम्मी चुन्यामुळे. अशा गावात पुस्तक टिकवणं म्हणजे उन्हात लोणी राखण्यासारखं. जुन्या ग्रंथपालांनी ते राखलं होतं. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. नवं पुस्तक आलं की त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, पाठीवर आकडा लिहायचा आणि कपाटात कुलपाआड ठेवायचं. वाचकाने चिठ्ठीवर नाव लिहून खिडकीशी उभं राहायचं, औषधाला उभं राहतात तसं. वहिनी त्यांच्या हाताखाली तयार झाली. निवृत्त होताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवला, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिच्या कारकिर्दीत एकही पुस्तक गहाळ झालं नाही, हे ती माहेरी गेली की सांगत असे, लोक पोरांचे मार्क सांगतात तसं. दादा म्हणायचा, हिच्या ताब्यात चंद्र दिला असता तर तोही हिने कपाटात ठेवला असता आणि अमावास्येला मोजून पाहिला असता.

मग गरीब देशांतल्या वाचनालयांना मदत करणारी एक परदेशी संस्था आमच्या नगरपालिकेच्या दारात आली. संस्था मुलांसाठी आपल्या भाषेतली चित्रांची पुस्तकं देणार होती, बुटक्या फळ्या देणार होती आणि ग्रंथपालाला राजधानीत नेऊन शिकवणार होती. पालिकेने फक्त एक खोली द्यायची. अध्यक्षांनी वाचनालयाखालची खोली देऊन टाकली. तिथे पालिकेच्या करवसुली खात्याची मोडकी टेबलं पडून होती. वसुलीच्या साहेबांना हे झोंबलं. त्यांना तिथे नवी कपाटं लावायची होती. शेवटी असं ठरलं की शाळेची सुट्टी संपेपर्यंत पाहायचं. मुलं आली, पुस्तकं वापरली, तर खोली वाचनालयाची. नाही आली तर वसुलीची.

वहिनी राजधानीला गेली तेव्हा तिने चाळिशी ओलांडली होती आणि घराबाहेर ती एकटी कधी झोपली नव्हती. तिथे जमलेल्या ग्रंथपालांना शिकवायला लाल चष्म्याची एक बाई होती. ती सांगायची, फळी मुलाच्या छातीपेक्षा उंच नको, पुस्तक मुलाने स्वतः हाताने घेतलं पाहिजे, रोज एक गोष्ट मोठ्याने वाचायची, कुलूप नाही म्हणजे नाही. पहिल्या आठवड्यात वहिनीने फोनवर दादाला सांगितलं की ही बाई वेडी आहे. शेवटच्या आठवड्यात सांगितलं की आपणच वेडे होतो.

परत आल्यावर तिने खरंच मुलांच्या खोलीत एकही कपाट ठेवू दिलं नाही. गावात हे धाडस होतं. कुलूपकाका स्वतः येऊन ते बघून गेले, हे त्याहून मोठं. पुस्तकांचे खोके आले. आणि वहिनीने सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली.

यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नाही. लाल चष्म्याच्या बाईने कव्हरं घालू नका असं सांगितलं नव्हतं, कारण चित्रांच्या पुस्तकावर कोणी कागद गुंडाळेल हे तिच्या स्वप्नातही नसणार. तिच्या गावात भट्ट्या नव्हत्या. आणि वहिनीने विचारलं नव्हतं, कारण पोराला शाळेत पाठवताना कपडे घालू का, असं कोण विचारतं? मी तेव्हा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. कागदाची रिळं मीच आणली. आमचं सगळं घर जमिनीवर बसून घड्या घालत होतं. वहिनी प्रत्येक कोपरा नखाने दाबून बघायची आणि दादाचा कोपरा सैल निघाला की परत द्यायची. काम संपलं तेव्हा त्या बुटक्या फळ्यांवर एकाच रंगाची, सरळ, स्वच्छ रांग उभी होती. आम्ही दारात उभे राहून ती पाहिली. मला ती फार सुंदर वाटली होती. आता आठवलं की शेतातल्या पिकासारखी नाही, तर शिस्तीत उभ्या केलेल्या कैद्यांसारखी दिसते.

पहिल्या दिवशी पोरं आली. फळ्यांसमोर उभी राहिली. हात कोणी लावेना. मग एका मुलीने वहिनीला विचारलं, "बाई, हे सगळं एकच पुस्तक आहे का?"

सगळे हसले. वहिनीही हसली.

पण पुढच्या दिवसांत मुलं कमी होत गेली. जी येत ती पंख्याखाली लोळत, फरशीवर खडे खेळत. वहिनी रोज गोष्ट वाची तेव्हा मात्र एकमेकांच्या अंगावर चढून बसत. शेळी आहे, तिला लांबचं दिसत नाही, ती चष्मा आणायला निघाली आहे, ही गोष्ट त्यांना फार आवडे. गोष्ट संपली, पुस्तक फळीवर गेलं, की पुन्हा खडे. वसुलीचे साहेब सुताराला घेऊन खोली मोजायला येऊ लागले. मोजपट्टीचं एक टोक ते मुलांनाच धरायला सांगत. जाताना म्हणाले, बाई, पोरं तुमच्या पुस्तकाला येत नाहीत, पालिकेच्या पंख्याला येतात. घरी आल्यावर तिने भांडी अशी घासली की दादाने स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही.

मग एक दिवस चटई झाडताना तिला चटईखाली पुस्तकं सापडली. काही फळीमागे, भिंतीच्या फटीत उभी सरकवलेली. एक तर पाण्याच्या माठामागे. वहिनीचा पारा चढला. तिच्या भाषेत दडवलेलं पुस्तक म्हणजे चोरीची पहिली पायरी. तिने सगळ्यांना उभं केलं आणि हे कोणी केलं असं विचारलं. हे सगळं एकच पुस्तक आहे का, असं पहिल्या दिवशी विचारणारी मुलगी पुढे आली. शेळीचं पुस्तक तिने ठेवलं होतं.

"फळीवर का नाही ठेवलंस?" वहिनीने विचारलं.

"फळीवर ठेवलं की हरवतं," मुलगी म्हणाली.

वहिनी मला हे सांगत होती तेव्हा दोनदा थांबली. उभा जन्म तिने पुस्तक हरवू नये म्हणून घालवला होता. आणि ती पोर खरं बोलत होती. काल पाहिलेली शेळी आज शोधायची तर खाकी भिंतीतून शोधायची कशी? आकडे वहिनीला कळत. मुलांना शेळी कळत होती, आणि शेळी कागदाच्या आत होती.

त्या संध्याकाळी ती आधी कुलूपकाकांकडे गेली. सोबत मी होतो. ते ओट्यावर बसले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला विचारायला आलीस की सांगायला?"

"सांगायला," वहिनी म्हणाली.

"चुना बसेल."

"पुसता येतो."

"रोज कोण पुसणार?"

"मी."

काकांनी भट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाले की ओल्या फडक्याने पुसू नकोस, चुना चिकटतो, आधी कोरड्याने झटक. एवढंच. परत येताना वहिनी माझ्यापुढे चालत होती, आणि तिची पाठ मी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती.

कव्हरं काढायला पुन्हा सगळं घर बसलं. दादा म्हणाला, लग्न लावून दिलं आणि महिन्याच्या आत काडीमोड. तरी सगळ्यांत भराभर तोच कागद काढत होता. खोलीत रंग येत गेले. निळा, भडक पिवळा, एक ओरडणारा लाल. वहिनीने पुस्तकं पाठ पुढे करून न लावता तोंड पुढे करून लावली. त्यामुळे फळीवर पुस्तकं थोडीच मावली, बाकीची तिने टोपल्यांत, खिडकीत आणि चटईवर मांडली. सकाळी तासभर आधी जाऊन ती फळ्या पुसू लागली.

मग मुलांचा लोंढा आला. साहेब सुताराला घेऊन आले तेव्हा मोजपट्टी पसरायला जमीन उरली नव्हती. पण साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पुस्तकं हातात घेऊन पाहिली आणि सुट्टीच्या शेवटी सभेत मुद्दा काढला. बाईंनी पुस्तकं उघडी टाकली, ती मळली, फाटली. परदेशी लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तूची अशी नासाडी झाली, तर उद्या आपल्याला कोण काय देईल? म्हणून खोली खात्याला परत द्यावी.

सभेला दादा आणि मी मागच्या बाकावर होतो. मला वाटलं, संपलं. साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनीला बोलावलं. ती टोपली घेऊन आत आली आणि टोपलीतली पुस्तकं एकेक करून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवू लागली. सुटलेल्या शिवणीची, दुमडलेल्या कोपऱ्यांची, पानापानावर पांढरी बोटं उमटलेली. साहेब जे सांगत होते त्याचा पुरावा तीच मांडत होती. दादाने कपाळाला हात लावला.

"साहेब म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "सुट्टी लागली तेव्हा ही कोरी होती. वर माझ्या कपाटात अजून कोरी पुस्तकं आहेत. पंचवीस वर्षं कोरी आहेत. ती हवी असतील तर दाखवते."

ती खाली बघत नव्हती. अध्यक्षांनी वरचं पुस्तक ओढलं. ते शेळीचं होतं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. सभासद वाट बघत होते. कोणीतरी खाकरलं. अध्यक्षांनी अजून एक पान उलटलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पुढचं पान कुठे आहे?"

"फाटलं," वहिनी म्हणाली. "शोधते आहे."

"शेळीने चष्मा घातला. मग?"

साहेब म्हणाले की हाच तर माझा मुद्दा आहे. अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं.

मग माझ्या वहिनीने त्या सभागृहात, उंच पाठीच्या खुर्च्यांसमोर उभं राहून, हरवलेलं पान सांगितलं. शेळीने चष्मा घातला आणि तिला दिसलं की जिच्याबरोबर आपण रोज चरायला जातो ती मेंढी नाही, लांडगी आहे. शेळीची बोबडी वळली. लांडगी पुढे झाली आणि दुकानदाराला म्हणाली, मलाही जरा अंधुकच दिसतं, मलाही एक द्या. तेव्हा शेळी तिचा हात धरून म्हणाली, चल बाई घरी, तुझी नजर चांगली आहे.

वहिनीने शेळीचा आवाज वेगळा काढला आणि लांडगीचा वेगळा, जसा ती खोलीत काढते. पहिले हसले ते अध्यक्ष. मग सगळे. साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं. दादा हसत नव्हता. तो बाकावर पुढे सरकून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "माझी बायको," तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला.

अध्यक्षांनी पान उलटून शेवट वाचला. मग लिहून घेणाऱ्याला सांगितलं की खोली वाचनालयाकडे राहील, आणि साहेबांना सांगितलं की कपाटांसाठी वरच्या मजल्यावर जागा बघा, वाचनालयाची बरीच कपाटं आता रिकामी होतील असं दिसतं.

लाल चष्म्याच्या बाईला वहिनीने कव्हरांची सगळी हकिकत कळवली, काही न लपवता. तिचं उत्तर आलं की हे आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं, आता तुम्ही सांगा. अशी ती शिकवणी सुरू झाली.

पण त्या दिवशी घरी येताना वहिनी खूश नव्हती, कुरकुरत होती. सभा संपली तेव्हा अध्यक्षांनी शेळीचं पुस्तक आपल्या पिशवीत घालून नेलं होतं, न विचारता, न नोंदवता. दुसऱ्या दिवशी पालिका उघडायच्या आत ती दारात जाऊन उभी राहिली आणि ते घेऊनच आली.