खोगीर आणि पांढरी ओढणी

कापूरहोळच्या फाट्यावर मन्सूरचं सीट-कव्हरचं दुकान आहे, पण येणारं गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "भाभी हायत का?" मन्सूर तोंड वाकडं करतो आणि आतल्या खोलीकडं बोट दाखवतो. दुकान त्याचं, हात तिचा! त्याची बायको गुलजारबी सासऱ्याकडनं चामड्याचं काम शिकली, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. ट्रेकवाल्यांचे बूट, बुलेटच्या सीटा, आणि खोगिरं तर विचारूच नका. एवढी खोगिरं घासली, पण घोड्यावर ही बाई जन्मात बसली नव्हती. बसायचे पुरुष, घासायची ही.

पालीचा गेनबा खोगीर पोत्यात घालून आला तेव्हा त्याचा चेहराच पडलेला. त्याची घोडी वरातीची, नाव मैना. गेल्या साली त्याच्या पुतण्यानं, पप्पूनं, शहाणपणा केला. खोगीर चमकावं म्हणून बुटाचं पॉलिश आणि गाडीचं जळकं ऑइल कालवून फासलं. नवरदेवाची शेरवानी मागून काळीकुट्ट! अख्ख्या लग्नात बिचाऱ्याला सगळ्यांकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

"आन् आता नात म्हणती, मीच मैनेवर बसून मांडवात येणार," गेनबा म्हणाला. "प्रेरणाचा शालू मोतिया रंगाचा. सून म्हणती, एक डाग दिसला तर पोरगी जीपनं जाईल. पोरीनं दोन दिस अन्न सोडलंय, भाभी."

"अगं बाई! खोगिरापायी उपास?" गुलजारबीनं खोगीर उलटंपालटं केलं. मूळचं गडद तपकिरी कातडं, पण वरचं मेण उडून राखाडी पडलेलं आणि शिवणींत पप्पूचा चिखल. "पप्पूला माझ्यासमोर आणू नका म्हंजे झालं. शुक्रवारी मी स्वतः घिऊन येते."

तीन दिवस तिनं मन्सूरला चहासुद्धा विचारला नाही. ओल्या फडक्यानं जुनी घाण काढली, सावलीत वाळवलं. वेल्ह्याकडच्या मोहोळाचं मेण एरंडेलात वितळवलं आणि कोमट असतानाच तळहातानं चोळलं. पातळ, अगदी पातळ. जास्त लावलं की अंगाला लागतं, हे सासरा रोज बजावायचा. मग घोड्याच्या केसांचा ब्रश, दंड भरून येईस्तोवर. शेवटी कातडं असं जिवंत झालं, की बोटानं दाबावं तर रंग फिका पडायचा आणि बोट उचललं की हळूच गडद व्हायचा. गुलजारबी लहान पोरीसारखी दाबत बसली.

"कातडं हाय, नातू न्हवं," मन्सूर म्हणाला.

"तुमी गप बसा!"

शुक्रवारी खोगीर एसटीत खिडकीशी बसलं आणि बाई पालीपर्यंत उभी राहिली. दारात हळदीची गडबड. गेनबानं मैनेवर खोगीर आवळलं. सगळे ओऽऽ म्हणाले, पण सून धोंडाबाई हाताची घडी घालून उभीच. "चमक गेल्या साली बी व्हती."

गुलजारबीचं टाळकं सटकलं. तिनं डोक्यावरची पांढरीशुभ्र ओढणी काढली, खोगिरावर अंथरली. "मीच बसते. मग बघा डाग."

"चाची, तुमी?" प्रेरणा किंचाळली.

पण चाचीनं बाह्या सारल्या, उखळावर पाय दिला आणि या अल्लाऽ म्हणत बसली वर. नेमका त्याच वेळी मांडवात बँडवाल्यांनी ताशावर हात साफ करून घेतला. मैना वरातीची घोडी, तिला काय ठाऊक हळद कुठली आणि वरात कुठली! ती लागली नाचायला. पुढचे पाय वर, मान डोलतेय, घुंगरं छनछन, आणि गुलजारबी वर-खाली, वर-खाली!

"धरा! गेनबाभाऊ, धरा!" ती ओरडली. गेनबानं लगाम धरला, पण हसून हसून त्याला दम लागला. बायकांनी टाळ्या धरल्या. आणि मग सगळ्यांनी ऐकलं, गुलजारबीचं ओरडणं थांबलं होतं. ती खदखदून हसत होती. पासष्टीची बाई, केस सुटलेले, डोळ्यांतून पाणी!

ताशा थांबला. धोंडाबाई पुढं आली, ओढणीचं टोक ओढून तिनं उजेडात धरलं. उलटं करून बघितलं, वास घेतला. प्रेरणा टाचा उंचावून आईच्या खांद्यावरनं बघत होती.

"न्हाई बाई," धोंडाबाई म्हणाली. "एक ठिपका न्हाई. जा पोरी घोडीवरनं. आन् आधी जेव."

प्रेरणानं आईला मिठी मारली. गेनबानं भाभीला उतरवायला हात पुढं केला. गुलजारबीनं तो हळूच बाजूला सारला आणि लगाम घट्ट धरला.

"अशी घाई करू नगा," ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "मेण उन्हात तापलं की मग खरं कळतं. गावाला एक फेरी मारून बघू. आरं ताशावाल्या, थांबलास का?"