शेकलेली हलगी

सुनेनं आज गच्चीवर रद्दी जाळली आणि त्या वासानं माझ्या अंगात वारंच शिरलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी लढाईच्या एका जुन्या पिक्चरचं संगीत रेकॉर्डसाठी आम्ही पुन्हा वाजवत होतो. पिक्चरमध्ये माझी हलगी घोड्यांच्या टापांखाली दबली होती, आता ती मोकळी ऐकू येणार होती. पण स्टुडिओतल्या एसीनं कातडं गार पडून सैल झालं. मी काड्या खाली ठेवल्या.

“अहो, चाळीस माणसं खोळंबलीत,” संगीतकार साहेब म्हणाले.

“खोळंबू द्या. शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही.”

स्टुडिओच्या अंगणात जाळ करायला कागद मिळेना. साहेबांनी माझ्या नोटेशनचे कागदच पुढं केले. “घ्या. नाहीतरी तुम्ही वाचणार नव्हतात.”

तेव्हा वाटलं, मीच जिंकलो. आज रेकॉर्ड नीट ऐकली. माझ्या पहिल्या कडकडाटामागं साहेबांचा ‘वा’ ऐकू येतो. तो त्यांनी पुसलाच नाही.