चिलमीचं फडकं

“अंगातली उष्णता हाय ती. लगीन झालं की तोंड साफ होईल,” होडीवाल्याची आई म्हसळ्याहून मुलगा बघायला आलेल्या पाहुण्याला होडीतच लेकाच्या मुरुमांबद्दल सांगत होती.

दिघीहून आगरदांड्याच्या शाळेत शिकवायला मी रोज त्याच होडीने जायची. होडीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वल्ही ठेवली की तो चिलमीला ओलं फडकं गुंडाळून गांजा ओढायचा, आणि त्याच काळ्या फडक्याने पुवाळलेले गाल पुसायचा. मग भूक खवळली की तेलकट भज्यांचा पुडा एकटाच संपवायचा. “गांजा थंड असतो बाई, आतली आग निवते,” म्हणायचा. मध्यंतरी गांजा मिळाला नाही, तेव्हा मात्र त्याचे गाल खरोखर निवले होते.

माझ्याही गालांवर मुरुमं होती. “मास्तरीणबाई, तुमाला कोण पत्करनार?” असं हीच म्हातारी सगळ्यांदेखत विचारायची, आणि मी पाण्याकडे बघत बसायची.

पाहुणा माझ्याकडे वळला. “बाई, तुमी रोज बगता. माजी एकच पोरगी हाय. पोरगा कसा?”

म्हातारीने डोळे वटारले.

“उष्णता नाही ती,” मी म्हणाले. “गांजा ओढतो तो. रोज.”