टोनी म्हणजे सुबोध गायकवाड

चंद्रप्रकाश कांबळे घाटकोपरला राहतात. वय चौऱ्याहत्तर. भांडुपच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर उभे राहून निवृत्त झाले. तरुणपणी ते गिटार वाजवायचे, हे त्यांच्या मुलीला, चेतनाला, गेल्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

१९७२ साली तिघा मित्रांचा बँड होता. सुबोध गायकवाड गायचा, राजेश ड्रम वाजवायचा. गाणी इंग्रजी, पण स्वतःच रचलेली. गिटारचा घुमवलेला आवाज, मध्येच सतार, मध्येच उलटी फिरवलेली टेप. सायकेडेलिक पॉप म्हणायचे त्याला. ज्या हॉटेलात ते वाजवायचे, तिथला मॅनेजर म्हणाला, "कांबळे, गायकवाड बोर्डावर नाय चालणार. नावं बदला." मग बँडचं नाव पडलं 'पेपर अंब्रेलाज', सुबोध झाला टोनी, चंद्रप्रकाश चार्ली. त्याच नावांनी दहा गाणी रेकॉर्ड झाली.

वर्षभरात चंद्रप्रकाशना कायमची नोकरी लागली. त्यांनी बँड सोडला आणि बँड मोडलाच. सुबोध त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही. १९९८ मध्ये तो वारला, तेव्हा ते मुलुंडला त्याच्या घरापर्यंत गेले, लांबूनच हात जोडले आणि परतले.

गेल्या वर्षी एका छोट्या कंपनीनं ही दहाही गाणी एकत्र करून अल्बम काढला. चेतनानं तो ऑफिसात ऐकला आणि घरी सहज मोबाइलवर लावला. चंद्रप्रकाश जेवत होते. हात ताटातच राहिला.

"हा सुबोध आहे."

"नाही पप्पा, टोनी म्हणून कुणीतरी आहे. पूर्ण बँडचाच पत्ता नाही म्हणे."

"चार्ली तुझ्यासमोर बसलाय."

चेतनानं कंपनीला कळवलं. पुढच्या आवृत्तीत खरी नावं छापू, पण बाकी दोघांची किंवा त्यांच्या घरच्यांची संमती आणा, असं उत्तर आलं. राजेश फोनवरच हो म्हणाला. राहिली सुबोधची बायको, वनमाला.

चंद्रप्रकाश चेतनाला घेऊन मुलुंडला गेले. नाव सांगताच वनमालानं ओळखलं, आत बोलावलं. चेतनानं गाणं लावलं. वनमाला ताठ बसून ऐकत राहिली.

"हे गायचे?" ती म्हणाली. "घरात कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत, भाऊजी. पोरांना झोपवतानाही नाही."

"माझ्यामुळं, वहिनी. मी बँड सोडला. त्याचा राग होता माझ्यावर."

"होता ना. शेवटपर्यंत होता."

चंद्रप्रकाश उठायला लागले.

"बसा," वनमाला म्हणाली. "तुमचं नाव काढलं की चिडायचे. पण नाव काढायचे ते स्वतःच. दर वेळी." मग तिनं चेतनानं सोबत आणलेलं अल्बमचं कव्हर हातात घेतलं. "टोनी कोण?"

"सुबोधच."

"मग सुबोध लिहा. गायकवाडसकट लिहा."

या मार्चमध्ये नवी आवृत्ती आली. बँडचं नाव तेच आहे, खाली तिघांची नावं आडनावांसकट आहेत. चंद्रप्रकाश आता महिन्यातून एकदा मुलुंडला जातात. दोघं बसून ऐकतात. वनमालाला नऊ गाणी पाठ झाली आहेत. दहावं मात्र ती अजून लावू देत नाही. त्याच्या शेवटी सुबोध हसतो.