धावड्याचा डिंक

सुखदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मूल गावच्या बाजारात वांगी निवडत होतो. फोन प्रज्ञाचा, त्यांच्या मुलीचा. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली. मी म्हटलं, "हो हो, आलोच," जसं काही कोणी जेवायला बोलावलं होतं! फोन ठेवला, उरलेली वांगी निवडली, तोलून घेतली, घरी नेऊन टाकली आणि मगच त्यांच्याकडे गेलो. असं का केलं ते महिना उलटला तरी मला सांगता येत नाही. हल्ली एका जागी बसवतच नाही. हे लिहायला बसलो तर आतापर्यंत दोनदा उठून आलो... एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगीचच.

सुखदेवभाऊ रेल्वेत गँगचे मुकादम होते. मोठी लाइन यायच्या आधी आपल्या भागात जी छोटी गाडी चालायची, अडीच फुटी रुळांची, तिच्यावर त्यांची जवानी गेली. सब्बल, फावडं आणि रुळांखालची गिट्टी. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. ते रिटायर झाले तेव्हा प्रज्ञानं पुण्याहून एक खोका आणला. परदेशी बनावटीची खेळण्याएवढी रेल्वे, पण खेळणं नव्हे. सगळं खऱ्याच्या मापानं सत्त्याऐंशी पट लहान केलेलं. स्टेशनच्या भिंती, दारं, छप्पर सुटं सुटं, कापून चिकटवून आपण उभं करायचं. रूळ नऊ मिलिमीटर रुंदीचे, एक इंजिन, दोन डबे. भाऊ तो खोका घेऊन थेट माझ्या घरी आले. "मास्तर, रूळ माहा, रंग तुमचा. बोला, येता का?" त्या दिवसापासून अकरा वर्षं मी त्यांच्या पडवीत पडीक होतो. माझी बायको म्हणायची, तुमचा पगार आता रेल्वेनंच द्यावा.

त्या स्टेशनला बर्फ घसरून पडावा म्हणून उभं उतरतं छप्पर होतं आणि वर दोन धुराडी. चंद्रपूर जिल्ह्यात बर्फ! भाऊंनी पातळ करवतीनं धुराडी उडवली, छप्पर खाली बसवलं आणि बिस्किटाच्या पुड्यातल्या नालीदार कागदाच्या पट्ट्या कापून त्यावर कवेलू, म्हणजे कौलं, घातले. गिट्टी म्हणजे उमा नदीची वाळू, चहाच्या गाळणीतून गाळलेली. वच्छलाबाईंच्या, म्हणजे वहिनींच्या, तीन गाळण्या त्यात गेल्या. खोक्यातली माणसं गोरी, टोपीवाली, ओव्हरकोट घातलेली. त्यांना रंगवून आपल्याकडची करणं माझं काम. एका बाईची टोपी कानशीनं घासून तिथे मोहफुलांची टोपली बसवली, पण कोट काही निघेना. शेवटी ती तशीच उभी राहिली, चैतात मोह वेचून आलेली, अंगात ओव्हरकोट. भाऊ म्हणाले, "असू द्या. बिचारीले हिवताप असन." मी एकदा मोहाचं झाड नुसतं अंदाजानं केलं, चार बोटं उंचीचं. त्यांनी पट्टी लावली, हिशेब केला आणि म्हणाले, "मास्तर, हे मोह आहे का तुळस?" खरं माप वीतभर निघालं. मला राग आला होता, पण झाड नवीन करावंच लागलं.

खरं भांडण वेगळंच होतं. सुखदेवभाऊ कुठलंच काम संपू देत नसत. रूळ त्यांनी साध्या डिंकात बसवले होते, धावड्याच्या. गडचिरोलीकडचा त्यांच्या गँगमधला एक जुना माणूस दरवर्षी जंगलातला डिंक आणून द्यायचा. भाऊ तो रात्रभर पाण्यात भिजवत, गाळून पातळ करत आणि थेंब थेंब गिट्टीवर सोडत. वाळला की घट्ट. पण चमचाभर गरम पाणी टाकलं की पुन्हा सुटा. दर सोमवारी ते रुळावरून बोट फिरवत जायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कुठेतरी थांबून म्हणायचे, "इथी बसला," म्हणजे रूळ खचला. झालं! गरम पाणी, रूळ वर, गिट्टी नवी. मी ओरडायचो, "अजी, वर्षानुवर्षं तेच तेच काऊन करून राह्यले तुमी? गाडी एक पुरा फेरा तं मारू द्या!" ते हसायचे. "रूळ बसवला म्हणजे काम झालं, असं नसते मास्तर. गाडी गेली का तो हालते. हालला का पाहा लागते." मला धीर नाही हो. आई म्हणायची, या पोराला भात शिजायच्या आधी वरण हवं. अकरा वर्षांत ती गाडी एकदाही पुरा गोल फिरली नव्हती. दरवेळी कुठे ना कुठे लाइन उखडलेलीच.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं आणि चंद्रपूरला दवाखान्यात ठेवलं. वहिनी सोबत गेल्या, घराची किल्ली माझ्याकडे. त्याच सुमारास आमच्या जुन्या शाळेत प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात हा नमुना मांडायचं मी कबूल करून बसलो होतो. मी मनाशी म्हटलं, भाऊंचं काही बरंवाईट झालं तर हे असंच अर्धवट राहणार, कुत्रं विचारणार नाही. चार दुपारी बसलो. उखडलेली लाइन जोडली आणि सगळ्या रुळांखाली, सगळ्या गिट्टीत, दोन नळ्या कालवून होतो तो चिकटा भरला, लोखंड धरून ठेवणारा. गाडी सोडली. ती स्टेशनातून निघाली, धानाच्या शेतांच्या बांध्या ओलांडून, पुलावरून गोल फिरून परत स्टेशनात आली. रिकाम्या घरात मी एकटा टाळ्या वाजवत होतो, मूर्खासारखा.

भाऊ परतले. हात धरून पडवीत आणलं त्यांना. गाडी फिरवून दाखवली. "वा," म्हणाले. मग बोट फिरवत गेले, वळणावर थांबले, नखानं रूळ उचलून पाहिला. हलला नाही. "कशानं चिकटवलं मास्तर?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं. "म्हणजे आता निघत नाई?" "जन्मात नाई!" त्यांनी रुळावरचं बोट काढून घेतलं. मग वहिनींना चहा मागितला आणि खुर्ची अंगणात नेऊन बसले. मला तिथेच कळलं की मी काय करून बसलो. माफी मागायची होती, ती मागितली नाही. घरी आलो, तो परत गेलोच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ... सहा आठवडे! घर दोन गल्ल्या पलीकडे. शाळेला मीच कळवलं की नमुना देता येणार नाही. मग बाजारात तो फोन आला. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावली, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही गेलो, पण अंगणातच उभा राहिलो. पडवीकडे मान वळवायची हिंमत झाली नाही. मी त्यांचं काम संपवलं आणि माणूसच संपवला, हेच डोक्यात फिरत होतं. अजूनही फिरतं.

परवा शाळेतून पुन्हा फोन आला. काचेच्या पेटीत कायमचं ठेवू म्हणाले, भाऊंच्या नावाची पाटी लावून. एरवी मी उडी मारली असती. म्हटलं, वहिनींना विचारून सांगतो. आणि गेलो. वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या. पेटीचं सांगितलं, तर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मास्तर, तुमी आले काऊन नाई?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"रोज इचारत होते, मास्तर आले का म्हणून. मी म्हटलं, बलावून आणू का? तं म्हणे, नको, येतीन ते. त्यायनं चिकटवलं, त्यायच्याच हातानं उखडवतो. माह्या हातात जोर नाई रायला, नाई तं मीच लागलो असतो. पुन्हा पयलेपासून बसवू म्हणत, दोघं मिळून."

मला वाटत होतं ते रागावलेत. अरे, ते तर वाट पाहत होते! सहा आठवडे एक माणूस अंगणात खुर्ची टाकून माझी वाट पाहत होता आणि मी दोन गल्ल्या पलीकडे पंख्याखाली तोंड लपवून पडलो होतो. तिथेच वहिनींसमोर रडलो. त्यांनी रडू दिलं.

मग घरी जाऊन रंग कालवायची पोलादी पट्टी आणली, तासणी आणली आणि पडवीत बसलो. वळणापासून सुरुवात केली. गरम पाणी टाकून पाहिलं, काही होत नाही. पट्टी रुळाखाली घालून जोर लावला तर रूळ राहिला जागेवर आणि खालच्या प्लायवूडचा पापुद्रा सोलून आला. तीन तासांत वीतभर लाइन निघाली, तीही वाकडी. बोटं सोलली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"निघून राह्यलं का?"

"नाई जी बाई. लय पक्कं बसलं."

त्यांनी कोपऱ्यातला झाडू घेतला, माझ्या पायाशी पडलेल्या ढलप्या गोळा केल्या.

"मंग उद्या या," म्हणाल्या.