शेवंतीवरची घोंगडी

त्या संध्याकाळी जयरामदादाने शेवंतीवर घोंगडी घातली, कडेने दगड ठेवले आणि आत येऊन म्हणाला, "सुमंगला, च्या कर गो." वैनीने चहा उकळला, गाळला, बाहेर आणला, तर दादा भिंतीला टेकून बसलेला, मान कलंडलेली. चहा तिच्या हातातच राहिला.

धारगळला हायवेच्या कडेला दादाचं घर. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, शनिवारी घरी यायचा. खाण बंद पडली तशी त्याने अंगण खणलं. वैनी लग्न होऊन आली तेव्हा माहेरून, मयेहून, पिवळ्या शेवंतीचं रोप घेऊन आलेली. त्याच्याच फांद्या लावत लावत दादाने अख्खा वाफा भरला. गावच्या काल्याला, देवळाच्या जत्रेला, वैनीच्या अंबाड्यात त्याच शेवंतीची वेणी, आणि ती ओवायची दादानेच. स्टेअरिंग धरून हात राठ झालेले, पण गाठ बघावी त्याची! बायका चिडवायच्या, "जयरामभाऊ, आमका पण एक ओवा."

"तुमचे घोव खंय गेले?" दादा म्हणायचा.

गेल्या वर्षी मात्र शेवंतीने दगा दिला. झाडं कमरेएवढी, पानं हिरवीगार, आणि कळी म्हणून नाही. काल्याला वैनी बाजारातली अबोली माळून गेली. दादा त्या दिवशी धड जेवलासुद्धा नाही. त्याला वाटलं, शेजारच्या विनोदिनीची दृष्ट लागली. मग वाटलं, गावची राखण करणारा देव, राखणदार, रागावला. बांधावर रोट आणि विडी ठेवून आला. रोट कुत्र्याने खाल्ला, विडी तशीच.

यंदाही तेच दिसायला लागलं, तेव्हा लेक तनयाने वर बोट दाखवलं. ती म्हापशाला कॉलेजात शिकते. "बाबा, हा बघा तुमचा चोर."

वर रस्त्याचा दिवा. वैनी दूध घालून काळोखातून येताना एकदा गटारात पडलेली, म्हणून गेल्या वर्षी दादानेच पंचायतीच्या मागे लागून बसवून घेतलेला.

"पानाच्या पेशीत एक प्रथिन असतं," तनया म्हणाली. "काळोखात ते बाहेर ओसरीवर बसून असतं. उजेड पडला की उठून आतल्या खोलीत जातं, केंद्रकात. तिथे जनुकं असतात, झाडाने काय करायचं ते सगळं त्यांच्यात. हे आत जाऊन सांगतं, अजून दिवस आहे, फुलांचं काम काढू नका. शेवंतीला सलग मोठी रात्र लागते. मग त्याचा जोर उतरतो आणि फुलायची जनुकं कामाला लागतात."

"म्हणजे कान फुंकणारो! आमच्या विनोदिनीसारखो."

"आयकतंय हां मी!" कुंपणापलीकडून आवाज आला.

"मग दिवा काढायला सांगा," तनया म्हणाली.

"दिवो काढूचो नाय. तुजी आवस पडतली."

आणि दादाने माळ्यावरून जुन्या काळ्या घोंगड्या काढल्या. वाफ्यात काठ्या रोवल्या. रोज दिवा लागायच्या आधी झाकायचं, सकाळी उघडायचं. उघडलं की एकेक शेंडा बोटाने चाचपून बघायचा. कळीची वाट बघता बघताच गेला.

सुतकातसुद्धा वैनी संध्याकाळ झाली की उठायची. घरात माणसं बसलेली, रडणं चाललेलं, आणि ही घोंगडी घेऊन अंगणात. कोणीतरी कुजबुजली, "हिका खुळ लागला." वैनीने ऐकलं, आणि दगड ठेवले.

काल्याच्या दिवशी सकाळी तिने घोंगडी काढली तर कळ्यांना पिवळा रंग चढलेला, आणि त्यात एक फूल पुरतं उमललेलं. तनया धावत आली. "आई, माळ ना!"

"आता मी? लोक काय म्हणतले?"

कुंपणाशी विनोदिनी उभी होती. एरवी तोंडाचा पट्टा सोडणारी ती बाई हळूच म्हणाली, "पदर आसा मगे तुका."

वैनीने फूल खुडलं, अंबाड्यात खोवलं आणि वरून पदर घेतला.

संध्याकाळी तनया म्हणाली, "आई, कळ्यांना रंग आला. आता झाकायची गरज नाही."

"बरां," वैनी म्हणाली. रस्त्यावरचा दिवा अजून लागायचा होता. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून ती वाफ्यापाशी गेली, घोंगडी ओढली आणि कडेने दगड ठेवले.